शंखातल्या खेकड्याला आंघोळ घालू नका

पाठीवर शंख घेऊन चालणारा छोटा खेकडा आता शोभेच्या माशांच्या काही दुकानांत मिळतो. शंखाला लाल-निळा रंग, कधी त्यावर कार्टूनचं चित्र, आणि सोबत जाळीची पेटी. मुलं हट्ट धरतात. कुत्र्यासारखं फिरवायला नको, मांजरासारखं दूध नको, भुंकणं नाही की केस गळणं नाही, म्हणून आईबापही तयार होतात. मग विहारातल्या महिलांच्या बैठकीत आम्हाला प्रश्न येतो : ताई, याला आंघोळ किती दिवसांनी घालायची? पाण्यात जंतुनाशकाचे दोन थेंब टाकले तर चालतील का?

सरळ उत्तर असं की आंघोळ घालायचीच नाही. साबण नको, जंतुनाशक नको, नळाखाली धरणंही नको. त्याची आंघोळ तो स्वतः करतो. आपलं काम एवढंच की त्याच्यासाठी दोन भांडी पाणी भरून ठेवायची, एक गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्या पाण्याचं. ही दोन भांडी नीट सांभाळली तर खेकडाही जगतो आणि घरातली मुलंही आजारी पडत नाहीत. नाही सांभाळली तर दोघांनाही त्रास होतो. आरोग्याच्या पानावर खेकडा आला तो यासाठी.

आधी हा प्राणी समजून घेऊ. इंग्रजीत याला हर्मिट क्रॅब म्हणतात, मराठीत कुणी संन्यासी खेकडा म्हणतात. नाव अगदी चुकीचं आहे. संन्याशासारखा एकटा राहणारा हा प्राणी नव्हेच, तो घोळक्याने राहतो. शंख त्याचा स्वतःचा नसतो, मेलेल्या गोगलगायीचा उचललेला असतो. अंग वाढलं की घर अपुरं पडतं. मग मोठा रिकामा शंख सापडला की काही जातींचे खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात. पुढच्याने मोठं घर घेतलं की त्याचं सोडलेलं घर मागचा घेतो, त्याचं त्याच्या मागचा. दहा बाय दहाच्या खोलीत संसार केलेल्यांना ही रांग वेगळी समजावून सांगायला नको.

दुकानात मिळतो तो जमिनीवर राहणाऱ्या जातीचा. जमिनीवर राहत असला तरी तो श्वास घेतो कल्ल्यांसारख्या अवयवानेच, आणि ते ओले राहिले तरच हवा आत जाते. शंखाच्या आत त्याचं पोट आहे. ते पुढच्या अंगासारखं कडक नसतं, अगदी मऊ असतं, सुकलं की संपलं. म्हणून तो शंखात पाणी भरून ठेवतो. बाहेर पडताना आपण पाण्याची बाटली घेतो तसं हे पाणी तो सतत सोबत बाळगतो. कधी गोड्या पाण्याच्या भांड्यात उतरतो, कधी खाऱ्या, आणि शंखातल्या पाण्याचा खारेपणा शरीराला हवा तसा जुळवतो. किती खारं हवं हे त्याचं त्याला कळतं, आपल्याला कळत नाही.

आंघोळीत बिघडतं ते हेच. काही विक्रेते सांगतात, आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात बुडवून काढा. तसं केलं की त्याने जुळवून ठेवलेलं पाणी वाहून जातं आणि जागी येतं आपलं नळाचं पाणी. शिवाय पकडून बुडवणं म्हणजे त्याच्या दृष्टीने शिकारीच झाली, तो घाबरून आत ओढून घेतो. एका घरी आम्ही पाहिलं, शाळकरी मुलगी रोज संध्याकाळी बाहुलीला घालावी तशी त्याला अंगाच्या साबणाने आंघोळ घालत होती, तीही अगदी मायेने. महिन्याभरात खेकडा मेला. तिला कुणी रागावलं नाही, रागवायचं कारणही नव्हतं. पेटीसोबत माहितीचा कागदच नव्हता.

आता भांड्यांविषयी. भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा जाड प्लास्टिकचं असावं. तांब्या-पितळेचं मुळीच नको. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं समजतात, पण खेकडा, कोळंबी या वर्गातल्या प्राण्यांना तांबं विषारी असतं. रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणीही त्याला देऊ नये. खोली इतकी की तो आत उतरला तर शंखाचं तोंड पाण्याखाली जावं. दुकानातली पेटीसोबतची टोपणाएवढी वाटी उपयोगाची नाही, तिच्यात त्याचे पायच भिजतात. पण बाहेर यायला वाट हवी. आत एका बाजूला खडे रचून उतार करा. जमिनीवरचा खेकडा पाण्यात थोडा वेळ राहू शकतो, पण बाहेर येता आलं नाही तर बुडून मरतो. पाण्यात स्पंज ठेवायला सांगतात तो ठेवू नका. ओल्या स्पंजात जंतू वाढतात आणि त्याचा फायदा काही नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, आणि पावसाळ्यात आशाताई क्लोरिनच्या गोळ्या देतात तेव्हा आणखी वाढतं. ते त्याच्या कल्ल्यांना झोंबतं. इथे एक गोष्ट ठासून सांगतो : खेकड्यासाठी घरच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरिन टाकणं बंद करू नका. त्याचं पाणी वेगळं काढा. अर्धा लिटर पाणी उकळून गार केलं की पुरतं. गॅस वाचवायचा असेल तर पसरट भांड्यात पाणी घेऊन, वर पातळ फडकं बांधून पूर्ण एक दिवस ठेवा, नळाच्या पाण्यातलं क्लोरिन उडून जातं. फडकं मात्र हवंच, नाहीतर डासांना आयती जागा.

खाऱ्या पाण्याला स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. आपलं मीठ, खडेमीठ धरून, मुख्यतः एकच क्षार आहे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं, आणि कवच बनवायला ते लागतं. शोभेच्या माशांच्या दुकानात समुद्री माशांसाठीचं मीठ मिळतं ते घ्यावं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून अर्ध्या लिटरला 17-18 ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण तीन-साडेतीन सपाट चमचे. उन्हाळ्यात पाणी उडून जातं पण मीठ तिथेच राहतं, त्यामुळे कमी झालेलं भरताना गोडं पाणी घालायचं. पुन्हा मिठाचं घातलं तर दिवसेंदिवस खारटपणा वाढत जातो. विकत घेण्यापूर्वी या मिठाची किंमत विचारा. खेकडा स्वस्त पडतो, पण मीठ महिन्याच्या महिन्याला लागतं.

आता घराचं बघू. खेकडा त्याच पाण्यात उतरतो, त्यातच घाण करतो, खाण्याचे तुकडेही ओढून नेतो. उकाड्यात असं पाणी एका दिवसात चिकट होतं. म्हणून गोडं पाणी रोज, खारं पाणी दर दोन दिवसांनी बदला. नुसतं ओतून पुन्हा भरू नका, भांडं घासा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात, भांड्याच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आपण पिंप झाकतो, कूलर कोरडा करतो, टायर उचलून टाकतो, आणि पलंगाखालच्या पेटीतली वाटी विसरतो. तिच्यातही अळ्या होतात.

हे भांडं घासायचं कुठे? मोरीत ताट-वाट्यांसोबत नाही. वस्तीत मोरी एकच असते हे आम्हाला ठाऊक आहे. तिथेच जेवणाची भांडी, तिथेच कपडे, तिथेच बाळाची आंघोळ. म्हणून खेकड्याचं पाणी संडासात ओता, भांडं शेवटी, वेगळ्या ब्रशने घासा, आणि त्या जागेवर साबणाचं पाणी मारा. भांड्याला साबण लावलाच तर दोन-तीन वेळा भरपूर पाण्याने खळखळून काढा. फिनेल मात्र लावू नका.

पाण्यात राहणाऱ्या पाळीव प्राण्यांपासून जुलाब होऊ शकतात हे डॉक्टरांना जुनं ठाऊक आहे. अमेरिकेत 1975 साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी झाली. कारण लहान मुलं ती हाताळायची, तोंडात घालायची, आणि साल्मोनेला नावाच्या जंतूने आजारी पडायची. आपल्या वस्त्यांतही डोक्याला लाल पट्टा असलेली छोटी कासवं काचेच्या भांड्यात दिसतात. नियम दोघांनाही एकच. प्राण्याला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला की साबणाने हात धुवायचे, जेवणाच्या जागी पेटी ठेवायची नाही, पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात प्राणी द्यायचा नाही. घरात कुणी गरोदर असेल किंवा आजाराने, औषधोपचाराने ज्याची प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, तर भांडी धुण्याचं काम त्यांच्याकडे नको.

तरी मुलाला जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक अख्खं पाकीट घालून थोडं थोडं पाजत राहा. अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध थांबवू नका. झिंकच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, त्या जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यायच्या. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, लघवी कमी झालेली, मूल पाणीही पीत नाही किंवा सुस्त पडून आहे, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. आणि डॉक्टरांना घरात कोणता प्राणी आहे हेही सांगा. ते विचारतीलच असं नाही.

खेकड्याने चिमटा काढला तर ओढू नका, कातडी फाटते. हात पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, तो सोडतो. जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते बघा. लाली वर चढत असेल, ताप आला तर दवाखाना.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक मुद्दा वेगळा. या खेकड्याला हवेत 75 ते 80 टक्के दमटपणा लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात तो आपोआप मिळतो. नागपूर-लातूरच्या मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली, जाळीच्या पेटीत तो मिळणं शक्य नाही. दोन्ही भांडी भरलेली असली तरी कोरड्या हवेत तो हळूहळू गुदमरतो, आणि यात दिवसच्या दिवस जातात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, जरा शांत झालाय. काचेची झाकणाची पेटी आणि तळाला ओली वाळू असेल तर निभावतं. जाळीच्या पेटीत नाही.

ओल्या वाळूचं दुसरं कामही आहे. कात टाकताना तो वाळूत गाडून घेतो आणि आठवडेच्या आठवडे वर येत नाही. तेव्हा उकरून बघू नका. मेलेला असेल तर सडक्या मासळीचा वास येतो, चुकत नाही. डासांची अगरबत्ती, फवारा, वस्तीत येणारं धुराचं मशीन, या सगळ्यांत असतं ते औषध किड्यांना मारतं तसंच खेकड्यालाही मारतं. पण डासांपासून मुलांना जपायचं असतंच, त्यामुळे खेकड्यासाठी धुराचं मशीन परत पाठवू नका. मच्छरदाणी लावली तर दोघांचंही भागतं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग घेऊच नये का? आमचं मत विचाराल तर घेऊ नये. हा खेकडा नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगू शकतो. पण त्याची पिल्लं समुद्राच्या पाण्यात वाढतात, त्यामुळे दुकानात येणारे बहुतेक सगळे खेकडे किनाऱ्यावरून धरून आणलेले असतात. ज्या घरात नळाला तासभर पाणी येतं तिथे रोज भांडी बदलायची जबाबदारी शेवटी आईवरच येते, हेही हट्ट पुरवण्याआधी मोजावं. आधीच घरी असेल तर टाकून देऊ नका, नदी-नाल्यात सोडू नका. वर लिहिल्याप्रमाणे दोन भांडी ठेवा, आणि अंगावरच्या शंखापेक्षा थोडे मोठे, बिनरंगी असे दोन-चार रिकामे शंखही ठेवा.

राहिला किनाऱ्यावर सापडणारा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला आलेली कितीतरी कुटुंबं समुद्र पहिल्यांदाच पाहतात, मुलं शंख गोळा करतात. खडकांतल्या डबक्यात सापडणारा शंख चालायला लागला तर तो या जातभाईंपैकीच, पण बहुधा समुद्रात राहणारा. त्याला दोन भांडीही वाचवू शकत नाहीत. त्याला खेळतं समुद्राचं पाणी लागतं. बाटलीत घालून गाडीने अकोल्या-नांदेडला नेला तर तो पोहोचेपर्यंतच मरतो आणि पिशवीतले कपडे नासतात. मुलाला तळहातावर घेऊन बघू द्या, तो हळूच पाय बाहेर काढेपर्यंत थांबू द्या. मग जिथून उचलला त्याच डबक्यात ठेवायला सांगा. पिशवीत भरलेले शंख निघण्यापूर्वी एका ओळीत वाळूवर मांडा आणि पाच मिनिटं नुसतं बसून राहा. ज्यात कुणी असेल तो चालू लागेल.