सोनेरी फुलांचा चहा आणि आपला विवेक

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात काय किंवा अन्य गावी काय, अनेक जैन घरांत नवकारशी पारल्यावर दुधाचा चहा घेतला जातो. आता आरोग्यदायी म्हणून परदेशी चहांचीही जाहिरात होत असते. त्यांपैकी विटेच्या आकारातील चिनी ‘फू’ चहा घरी किंवा दुकानात आणण्यापूर्वी नीट समजून घ्यावा असा आहे.

हुनान प्रांतातील आन्हुआ हा या चहाचा मुलूख. पूर्वी तेथील जाडीभरडी पाने शान्शी प्रांतातील चिंगयांग येथे नेऊन त्यांच्या विटा दाबल्या जात आणि तो माल पुढे वायव्येच्या पशुपालकांकडे जाई. वीट टिकाऊ, वाहून नेण्यास सोपी. म्हणूनच तिबेट, मंगोलिया व सायबेरियात चहाच्या विटा चलन म्हणूनही चालल्या. हे नाणे गरज पडल्यास फोडून, उकळून पिताही येई!

परंतु फू चहाची प्रत ठरते ती विटेच्या आतील ‘सोनेरी फुलां’वरून. ही फुले म्हणजे पिवळी बुरशी होय. दाबलेली वीट उबदार, दमट खोलीत ठेवून ती मुद्दाम वाढविली जाते. चिनी मानकानुसार या बुरशीचे प्रमाण दर ग्रॅमला किमान २,००,००० असावे लागते. आपल्याकडे लीलन-फूलन दिसताच पदार्थ वर्ज्य ठरतो. बावीस अभक्ष्यांत ‘चलितरस’ही येतो. तेथे जी गोष्ट मोल वाढविते, तीच येथे त्यागाचे कारण होते.

पुडीवरील हिरव्या ठिपक्याने हा प्रश्न सुटत नाही. पदार्थ शाकाहारी आहे, एवढेच तो ठिपका सांगतो. बुरशीचा विचार त्यात नाही. मात्र रोजच्या चहाविषयी शंका नको. त्याचा काळा रंग पानातीलच द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन येतो; त्यासाठी बुरशी लागत नाही.

आरोग्याचीही दुसरी बाजू आहे. जून पानांत फ्लोराइड अधिक साठते. तिबेटी भागात असा चहा सतत पिणाऱ्यांत दात व हाडांचे विकार आढळल्याने चीनने विटेच्या चहासाठी किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

म्हणून घरात हा चहा आणण्यापूर्वी, तो कसा तयार होतो हे संपूर्ण सांगूनच गुरुमहाराजांचा अभिप्राय घ्यावा. आणि ज्यांना तो विकावयाचा आहे, त्यांनी ‘सोनेरी फुले’ म्हणजे काय, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगावे.