प्रारंभाचे पाठांतर

बुद्धिबळात दोन्ही पक्षांची पहिली खेळी होताच पटावर ४०० भिन्न स्थिती संभवतात, आणि दोघांच्या दोन-दोन खेळ्यांचे क्रम मोजू गेल्यास ते १,९७,२८१ भरतात. एवढे दप्तर मुखोद्गत करण्याची उमेद नवशिक्याने बाळगावी, हा मला निव्वळ कालापव्यय वाटतो.

राजापुढील प्यादी दोन-दोन घरे सरली, दोहोंकडचा एकेक घोडा मध्याकडे आला, पांढऱ्याचा उंट बाहेर पडला, आणि इटालियन प्रारंभ येथवर सुरळीत चालला असता काळ्याने राजाकडील हत्तीपुढचे प्यादे एकच घर सरकवले, की पाठांतरी खेळाडू गांगरतो. मध्यभागाचे महत्त्व जाणणारा मात्र, प्रतिपक्षाने एक खेळी दवडली हे ओळखून, वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे काढतो. एवढे तारतम्य येईल इतपत प्रारंभाचा अभ्यास अवश्य करावा; उरलेला वेळ मात्र डावाच्या अखेरीच्या अभ्यासास द्यावा.

१९२१ साली जगज्जेता झालेल्या कापाब्लांकाने त्याच वर्षीच्या ‘चेस फंडामेंटल्स’ या ग्रंथाचा आरंभ केला, तो राजा व हत्ती यांनी एकाकी राजावर मात कशी करावी येथून. तेथे हत्ती एक ओळ अडवून धरतो, आणि आपला राजा पावलापावलाने साह्यास आल्यावाचून प्रतिपक्षी राजा कडेस ढकलला जात नाही.