फौज वळवण्याचे गणित

‘टोटल वॉर’ मालिकेतल्या गेममध्ये लढाईला तोंड लागण्याआधीचा मोठा निर्णय माऊसवर होतो. तुकडी निवडायची, उजवे बटण दाबून धरायचे आणि जमिनीवर रेघ ओढायची. रेघ लांब ओढली की तुकडी रुंद आणि पातळ होते. आखूड ठेवली की तीच माणसे एकामागे एक दाटीने उभी राहतात. सोय अगदी साधी दिसते, पण तिच्यामागे बरेच गणित राबत असते. ते समजून घेतले की जगभरच्या सेनापतींनी मोजक्याच रचना पुन्हा पुन्हा का वापरल्या, हेही उलगडत जाते.

रेघ ओढल्यावर संगणकापुढे पहिला प्रश्न येतो तो कोणी कुठे उभे राहायचे, हा. दहा सैनिक आणि दहा जागा असतील तर जोड्या लावण्याचे ३६,२८,८०० प्रकार होतात. शंभर सैनिकांसाठी हीच संख्या १५८ आकडी होते. सगळे प्रकार तपासून पाहणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. सुदैवाने अमेरिकी गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये यावर वाट दाखवली होती. सर्वांचे मिळून चालणे कमीत कमी होईल अशी वाटणी त्यांच्या रीतीने झटपट सापडते. तिचा पाया डेनेस कोनिग आणि येनो एगरवारी या हंगेरियन गणितज्ञांनी घातला होता, म्हणून कून यांनी तिला ‘हंगेरियन पद्धत’ हेच नाव दिले. मोकळ्या मैदानावर या वाटणीचा आणखी एक सुंदर गुण दिसतो. दोन सैनिकांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर त्यांच्या जागांची अदलाबदल केल्यावर एकूण अंतर कमीच होते. म्हणजे उत्तम वाटणीत वाटांची फुली पडतच नाही आणि सैनिक एकमेकांच्या पायात येत नाहीत.

उभे राहणे जमले, तरी वळणे त्याहून अवघड. शंभर जण खांद्याला खांदा लावून उभे आहेत आणि प्रत्येकाला एक मीटर जागा आहे, असे धरू. एका टोकाचा सैनिक खुंटासारखा जागीच ठेवून ही रांग काटकोनात वळवली, तर दुसऱ्या टोकाच्या सैनिकाला सुमारे १५७ मीटर चालावे लागते. नेहमीच्या चालीने त्याला दीड-पावणेदोन मिनिटे लागतील. शत्रूचे घोडदळ एवढा वेळ थांबत नाही. तीच माणसे दहा बाय दहाच्या चौकात उभी केली, तर पुढच्या रांगेतल्या कडेच्या माणसाला साधारण १६ मीटरच चालावे लागते. संचलनात तुकडी वळताना आतला जवान जागीच कदमताल करतो आणि बाहेरचा लांब टांगा टाकतो, तो याच भूमितीमुळे.

मग चौकच का नको? कारण चौकाच्या पोटातल्या माणसाचे शस्त्र शत्रूपर्यंत पोहोचत नाही. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात याचे गणित मांडले आणि १९१६ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. जिथे प्रत्येकाला दुरून मारा करता येतो, तिथे फौजेचे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. दोन्हीकडे सारखेच तरबेज शंभर-शंभर बंदूकधारी आहेत, पण एका बाजूने आपले लोक पन्नास-पन्नासच्या दोन टोळ्यांत एकामागून एक पाठवले, तर दुसऱ्या बाजूचे सत्तरच्या आसपास लोक शिल्लक राहतात. हातघाईत मात्र एकाला एकच भिडतो, आणि तिथे शंभराला शंभर हाच हिशेब उरतो. म्हणून धनुर्धारी आणि बंदूकवाले पातळ रांगेत पसरायचे, भालेवाले मात्र खोल फळीत उभे करायचे. इ.स.पू. ३७१ मध्ये ग्रीसमधल्या ल्यूक्ट्राच्या लढाईत थीब्जचा सेनापती एपॅमिनॉन्डास याने आपल्या डाव्या बगलेची फळी ५० माणसे खोल केली. समोरचे स्पार्टन बाराहून खोल नव्हते, असे ग्रीक इतिहासकार झेनोफन लिहितो. स्पार्टाचा तिथे पराभव झाला.

१९९९ मध्ये आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये रेघ ओढण्याची मुभा नाही. सरळ रांग, विरळ रांग, चौकोन आणि दोन बगला अशा चारच तयार रचना मिळतात. विरळ रांग दगडफेकी यंत्रांचा मारा चुकवण्यासाठी, तर चौकोन दुबळ्यांना मधोमध सुरक्षित ठेवण्यासाठी. मला यातला सर्वांत बोलका नियम वाटतो तो वेगाचा. रचना धरून चालणारी सगळी फौज सर्वांत संथ घटकाच्या चालीने चालते. घोडा कितीही तेज असो, सोबत तोफ असेल तर तोफेबरोबरच रखडायचे.

मराठी वाचकाला इथे १४ जानेवारी १७६१ आठवल्यावाचून राहणार नाही. पानिपतावर गोल बांधून लढत पुढे सरकायचे, ही मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ आणि त्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी यांची योजना. तोफखाना आणि गारदी (कवायती पायदळ) यांच्या आधाराने बुणगे, बायकामुले यांना सांभाळत जायचे. म्हणजे गेममधला चौकोनच, फक्त कित्येक पटींनी मोठा आणि उपाशी. या रचनेची सगळी मदार मोकळ्या मैदानावर घोडा फेकायची सवय असलेल्या सरदारांनी तोफेच्या चालीने चालण्यावर होती. विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके जागा सोडून शत्रूकडच्या रोहिल्यांवर तुटून पडली आणि गोलाला खिंडार पडले, असे इतिहासकार सांगतात. त्या सरदारांना केवळ बेशिस्त म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. गोल ही कवायतीतून अंगात मुरणारी गोष्ट आहे. सरदारांच्या पथकातल्या घोडेस्वाराला ती लढाईच्या दिवशी शिकवता येत नाही.

पडद्यावरचा सैनिक सहसा असा वागत नाही, त्याला नेमून दिलेली जागा तो धरून ठेवतो. म्हणूनच २००४ च्या ‘रोम: टोटल वॉर’मधली एक बारीकशी तरतूद मला फार मोलाची वाटते. तिथल्या काही रांगड्या टोळीवाल्या तुकड्यांच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले असते की त्या हुकमाशिवाय हल्ला चढवू शकतात. तुम्ही रेघ नीट ओढलेली असते, रांग सरळ असते, आणि शत्रू टप्प्यात आला की मधलीच एक तुकडी आरोळी ठोकून सुटते. पुढची पाच मिनिटे मग ते खिंडार बुजवण्यात जातात.