चाप कोणाच्या हाती, दोष कोणाच्या माथी?

कादंबरीतील पात्राने हत्या केली, तर वाचक तिचा साक्षीदार असतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र बंदुकीचा चाप खेळाडू स्वतः ओढतो. म्हणूनच युद्धावरील गेममध्ये प्रश्न उभा राहतो : घडलेल्या कृत्याची जबाबदारी पात्राची, खेळाडूची की खेळ रचणाऱ्याची?

‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ (२००९) मध्ये खेळाडू दहशतवाद्यांच्या टोळीत शिरलेला गुप्तहेर असतो. ही टोळी रशियातील एका विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांवर गोळीबार करते. खेळाडूने प्रवाशांवर एकही गोळी झाडली नाही तरी चालते. हा प्रसंग वगळण्याचीही मुभा आहे. परंतु कत्तल टळत नाही. टोळीच्या म्होरक्यावर गोळी झाडली, तर तो टप्पाच अयशस्वी ठरतो. खेळाडूला स्वतःचे हात राखता येतात, प्रवाशांचे प्राण नाही.

बर्लिनच्या यागर या संस्थेने घडवलेला ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ (२०१२) याहून पुढे जातो. वाळूच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या दुबईत कॅप्टन वॉकर शत्रूवर पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करतो. पडद्यावर दिसतात ते केवळ पांढरे ठिपके. नंतर त्याच वाटेने चालताना कळते, की त्यांत आश्रयाला आलेले नागरिकही होते. हा मारा टाळून केवळ बंदुकीने लढू पाहणाऱ्याला पुढे जाताच येत नाही. मग ज्याला पर्यायच दिला नाही, त्याला दोषी कसे धरायचे? हा आक्षेप रास्त आहे. खेळ थांबवणे हाही पर्यायच होता, हे त्यावरचे उत्तर सर्वांना पटणारे नाही.

मात्र याच गेममध्ये पुढे संतप्त जमाव वॉकरच्या सहकाऱ्याला फासावर लटकवतो. काय करावे, याची कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही. जमावावर गोळ्या झाडता येतात, तशी हवेत गोळी झाडून त्याला पांगवताही येते. अनेक खेळाडूंना दुसरा मार्ग सुचतच नाही, कारण समोर दिसेल त्याच्यावर नेम धरण्याची सवय हाताला जडलेली असते. येथे पर्याय खेळाने नव्हे, सवयीने हिरावलेला असतो.

वॉर्सातील ११ बिट स्टुडिओजचा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला आहे. त्यात सैनिक नव्हे, तर उपाशी नागरिक जगवायचे असतात. एका वृद्ध दांपत्याच्या घरातून अन्न आणि औषधे सहज चोरता येतात. त्याबद्दल गुण वजा होत नाहीत. पण पुढचे दिवस चोरी करणारे पात्र खचत जाते आणि ते पाहणे खेळाडूच्या वाट्याला येते.

निवडीचे मोल पर्यायांच्या संख्येत नसते. ‘चांगले’ आणि ‘वाईट’ अशी दोन बटणे दिली, तर खेळाडू केवळ गुणांचा हिशेब करतो. केलेल्या कृत्यासोबत पुढे वावरावे लागते, तेव्हाच खेळातील निर्णय नैतिक निर्णय होतो.