तिकिटाआधी टोचणी

बीड, अंबाजोगाई, परळीहून हज-उमराहला, आखातात कामाला किंवा आफ्रिकेत व्यापाराला जाणारे आपले बांधव पासपोर्ट-व्हिसासाठी धावपळ करतात, लस मात्र शेवटच्या आठवड्यावर टाकतात. नुकसान होते ते इथेच.

सन २००० व २००१ मध्ये हजच्या वेळी मेनिंजायटिसची साथ पसरली. त्यानंतर सौदी सरकारने चार प्रकारांवरची (एसीवायडब्ल्यू-१३५) लस हाजींना सक्तीची केली. ती तेथे पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

केनिया, नायजेरियासारख्या देशांत जायचे तर पीतज्वराची लस हवी. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते. मुंबईत अशी केंद्रे आहेत. टोचल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. दाखल्याविना परतणाऱ्यास येथे ६ दिवसांपर्यंत अलग ठेवता येते. सौद्यातला नफा मग तिथेच संपतो.

साखर-रक्तदाबाची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या काही गोळ्या कागदाविना सापडल्या तर आखातात खटलाही होऊ शकतो.

आम्ही एवढेच सुचवतो: निघण्याच्या दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा आणि टोचणीचा दाखला पासपोर्टलाच जोडून ठेवा.