फुलं गळाली म्हणून युरिया घालू नका

तिरोडा तालुक्यातल्या बोदलकशाला तलावाच्या पाण्यावर पिकतो तो धान. भाजी पिकते घरामागच्या सांदवाडीत. तिथं वांग्याची चार झाडं असली, की सल्ले चाळीस मिळतात!

त्यातला सगळ्यांत खर्चिक सल्ला म्हणजे फुलं गळतात, खत घाला. मूठभर युरिया पडतो, झाड पानांनी माजतं, फुलं गळतातच. एकदा गळालेलं आणि टिकलेलं फूल हातात घेऊन बघा. टिकलेल्या फुलात मधली हिरवट दांडी, म्हणजे स्त्रीकेसर, पिवळ्या परागकोशांच्या वर डोकावते किंवा निदान त्यांच्या बरोबरीला येते. गळालेल्यात ती बहुधा आतच खुजी राहिलेली असते. एकाच झाडाला अशी आखूड-लांब फुलं येतात आणि आखूड दांडीच्या फुलाला फळ जवळपास धरतच नाही. ती गळायचीच. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की चांगली फुलंही गळतात. तेव्हा गरज पाण्याची आणि दुपारच्या सावलीची असते.

दुसरा घोटाळा छिद्राचा. बिनछिद्राचं वांगं चांगलं, असं आपण धरून चालतो. पण शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आत शिरते तेव्हा अगदी बारीक असते, तिची वाट लगेच बुजते. आपल्याला दिसतं ते बहुतेक वेळा ती बाहेर पडल्याचं भोक. आत बसलेल्या अळीपर्यंत वरचा फवारा पोचत नाही. कोवळ्या शेंड्यानं मान टाकली, की तो खालपर्यंत खुडून जाळावा. उकिरड्यावर टाकू नये, अळी तिथंच कोष करते.

किडीचं नाव निघालं की ‘हल्ली सगळी वांगी बीटी’ हेही ऐकू येतं. नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये केंद्रानं बीटी वांग्याला स्थगिती दिली. भारतात त्याच्या लागवडीला परवानगी नाही.

नर वांगं, मादी वांगं ही तर निव्वळ बाजारगप्प. प्रत्येक वांगं स्त्रीकेसराच्या बीजकोशातूनच तयार होतं. बिया जास्त असतात त्या बहुधा जून फळात. सालीची चकाकी गेली, की बी कडक झालंच समजा. कडू लागलं, तर आधी बियाण्याला बोल लावू नका. तोडायला चार दिवस उशीर झालेला असतो.