एक प्रकरण तुझे, एक माझे

सप्तापूर म्हणजे धारवाडातील विद्यार्थ्यांची पेठच. स्पर्धापरीक्षांचे वर्ग, भाड्याच्या खोल्या, खाणावळी आणि झेरॉक्सची दुकाने यांच्या दाटीत आमचे जुने कौलारू घर कसेबसे अंग चोरून उभे आहे. येथे वाचनाला तोटा नाही. पहाटे पाचला समोरच्या खोल्यांतून पाठांतराचे स्वर ऐकू येऊ लागतात, ते रात्री बारापर्यंत. मात्र हे सारे वाचन परीक्षेचे. ज्याच्या शेवटी गुणही नाहीत आणि नोकरीही नाही, असे वाचन करावयाचे म्हटले की संसारी माणसाला उगीचच चोरट्यासारखे वाटते. आमच्या अशाच एका चोरट्या वाचनाची ही हकीकत आहे.

आम्ही उभयता नोकरी करणारे. एक बँकेत, एक शाळेत. घरात ब्याऐंशी वर्षांच्या आई आणि दहावीत शिकणारी कन्या. सकाळी पाणी, दूध, डबे आणि रिक्षा. संध्याकाळी भाजी, औषधे, शिकवणी आणि पाहुणे. या धबडग्यात पुस्तकाला वेळ मिळावयाचा तो कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. अशा दिवसांत पुण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ‘रोझॅना’ नावाच्या स्वीडिश कादंबरीचे इंग्रजी भाषांतर आमच्या घरी आले आणि आम्ही दोघे ते एकमेकांपासून लपवून वाचू लागलो. दोन खुणा एकाच पुस्तकात! दोघांपैकी कोण पुढे आहे, यावरून जेवणाच्या वेळी खुणावाखुणवी होऊ लागली.

आईंच्या कानांतून काही सुटत नाही. डोळे मात्र गेल्या दोन वर्षांत अधू झाले आहेत. पडद्याच्या विकाराने समोरचा मधलाच भाग पुसल्यासारखा होतो. वर्तमानपत्राचे मथळे तेवढे लागतात. त्यांचे माहेर बेळगावचे. मुलीच्या जातीने बाबूराव अर्नाळकर वाचावयाचे नाहीत, असा वडिलांचा दंडक होता आणि म्हणूनच त्यांनी ते उशीखाली ठेवून वाचले. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या लेखकाचे झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू त्यांना आजही नातलगांइतके ओळखीचे आहेत. एके रात्री त्या म्हणाल्या, “दोघे मिळून काय एवढे लपवता? मलाही सांगा की.”

त्या रात्रीपासून नेम सुरू झाला. जेवणे आटोपली, झाकपाक झाली की आईंच्या खाटेशी बसावयाचे आणि इंग्रजीतले एक प्रकरण मराठीत सांगावयाचे. एका रात्री एकाने, दुसऱ्या रात्री दुसऱ्याने. पुस्तकात प्रकरणे तीस. म्हणजे बरोबर एका महिन्याची बेगमी.

पुढे या कादंबरीच्या लेखकांविषयी वाचावयास मिळाले तेव्हा आम्हांला हसूच आले. माय श्योवाल आणि पेर वालो हे स्वीडनमधील एक जोडपे. दोघेही लेखणीवर पोट भरणारे, घरात लहान मुले. मुले निजली की रात्री दोघे एका टेबलाशी समोरासमोर बसत आणि आळीपाळीने एकेक प्रकरण लिहीत. 1965 साली ‘रोझॅना’ प्रसिद्ध झाली आणि 1975 पर्यंत अशा दहा कादंबऱ्या झाल्या. दहाही मिळून एकच दीर्घ कथा आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि तिला त्यांनी ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असे नाव दिले होते. गुन्हेगार शोधण्याच्या निमित्ताने, सुखवस्तू म्हणून जगात नावाजलेल्या आपल्या देशात कोण एकटे पडते, कोणाकडे कोणाचेच लक्ष नसते, हे त्यांना दाखवावयाचे होते. 1975 मध्येच वालो अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले. श्योवाल 2020 मध्ये गेल्या. आज स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड येथील रहस्यकथा जगभर वाचली जाते, तिचे बरेचसे मूळ रात्रीच्या त्या टेबलाशी सापडते.

आईंना मात्र पहिले आठ दिवस ही कथा पसंत पडली नाही. तिचा नायक मार्टिन बेक हा पोलीस अधिकारी. त्याचे पोट सदा बिघडलेले, घरी बायकोशी पटत नाही, फावल्या वेळात जहाजांच्या लहान प्रतिकृती करीत बसतो. त्यात पुन्हा बारमाही सर्दी. “हा तुमचा बेक फारच शेंबडा बाई,” आई म्हणाल्या. “आमच्या झुंजारला कधी पडसे झाले नाही!”

त्यांचे मत बदलले ते एका साध्या गोष्टीने. मोटाला गावाजवळ गोटा कालव्यातील गाळ काढताना एका तरुणीचे प्रेत सापडते, तेथे ही कथा सुरू होते. अंगावर ओळखीची खूण नाही, कोणाची तक्रार नाही, कोणी शोधीत आलेले नाही. ती कोण, एवढे कळावयासच तीन महिने लागतात. ती निघते अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरातील ग्रंथपाल. अर्नाळकरांच्या कथेत एवढ्या अवधीत दहा खलनायक गजाआड झाले असते. येथे पत्रे जातात, उत्तरे येत नाहीत, पोलीस वाट पाहतात, पुन्हा पत्रे जातात. तिचे नाव कळले त्या रात्री आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तीन महिने पोर बिननावाची पडली होती. बरे झाले, त्या शेंबड्याने सोडले नाही.” त्या दिवसापासून बेक आमच्या घरचा झाला.

आणि आणखी एक गोष्ट घडली, तिच्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहावयास घेतला.

आमची कन्या शाळेत इंग्रजी, मैत्रिणींत कन्नड आणि घरात या दोहोंची भेळ बोलते. परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या घरांतून हे होतच असते. त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. कन्नड ही आमचीही भाषा आहे. पण आजी आणि नात यांच्यात ‘हो’, ‘नको’, ‘जेवलीस का’ यांपलीकडे बोलणे उरले नव्हते, हे आम्हांला दिसत होते आणि टोचत होते. सांगितले तर मुली ऐकत नाहीत आणि रागावले तर भाषेचाच राग करू लागतात.

ही मुलगी पुस्तक उघडे ठेवून दाराआडून ऐकत होती, हे आम्हांला ठाऊक नव्हते. एका रात्री दाराआडून आवाज आला, “आजी, ती बोटीवर होती ना? मग बोटीवरच्या बाकीच्या लोकांनी काढलेले फोटो का नाही मागवत?” पुढे बेक नेमके तेच करतो. आजी उठून बसल्या. “ये, आत ये,” म्हणाल्या. “तू धनंजयच्या वरताण निघालीस!”

तेव्हापासून चौथी श्रोती आली आणि तिने आमची झोप उडवली. “सस्पेक्टला मराठीत काय?” संशयित. “आणि सुळिवु?” सुगावा. मग जबानी, पंचनामा, फिर्याद, उलटतपासणी हे शब्द आजींच्या माहेरच्या पेटीतून निघावे तसे एकेक निघू लागले. कन्नडात गुप्तहेराला पत्तेदार म्हणतात हे तिने आजीला सांगितले. आजींनी तिला ‘माग काढणे’ म्हणजे काय ते समजावले. पुस्तकातील काही भाग मुलीच्या कानी घालण्याजोगे नसतात, ते आम्ही गाळू लागलो, तर ती म्हणे, “बाबा, तुम्ही पुरावा गाळलात!”

‘रोझॅना’ संपली, मग 1968 ची ‘द लाफिंग पोलीसमन’ झाली. तिला 1971 मध्ये अमेरिकेचा एडगर पुरस्कार मिळाला. स्टॉकहोममधील एका बसमध्ये नऊ माणसे गोळ्या घालून मारली जातात, अशी ती कथा. पण आमच्या घरी लक्षात राहिला तो त्यातला नाताळ. मुलगी बेकला हसऱ्या पोलिसाच्या गाण्याची तबकडी भेट देते. सारे हसतात, त्याला हसू येत नाही. कन्येने हळूच बापाकडे पाहिले, ते आम्ही पाहिले.

त्यानंतर हेनिंग मांकेल यांची 1991 मधील पहिली वालांडर कथा घेतली. एका खेड्यात म्हाताऱ्या शेतकरी जोडप्यावर हल्ला होतो आणि मरता मरता म्हातारी ‘परदेशी’ असा काहीसा शब्द उच्चारते. झाले! साऱ्या मुलखाची नजर निर्वासितांच्या छावणीकडे वळते. आम्ही येथे परके नाही, तरी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आमच्या ओळखीचा आहे. आई म्हणाल्या, “म्हातारीने एकच शब्द टाकला, बाकीचे लोकांच्या मनातच होते.” हे वाक्य कन्येने आपल्या वहीत मराठीत लिहून ठेवले. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका आहेत; आम्ही दाखवल्या नाहीत.

नॉर्वेत ईस्टरच्या सुटीत रहस्यकथा वाचण्याची प्रथा आहे. 1923 मध्ये बर्गनची आगगाडी लुटली गेल्याच्या एका कादंबरीची जाहिरात वर्तमानपत्रात बातमीसारखी छापली गेली, लोकांनी ती खरी मानली आणि तेथून ही रीत पडली, असे सांगतात. आता तेथे दुधाच्या खोक्यांवरसुद्धा रहस्यचित्रकथा असतात. आपल्याकडे 1909 च्या ‘मनोरंजन’पासून दिवाळी आणि वाचन यांची गाठ पडली, तसेच हे. सणाला घर एकत्र येते आणि एकत्र आलेल्या घराला काहीतरी गोष्ट हवी असते.

आईंची दृष्टी सुधारणारी नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. परवा आम्हां दोघांनाही कामावरून यावयास उशीर झाला. वाटले, आजची रात्र चुकली. दारात चपला काढताना आतून आवाज ऐकू आला. कन्या पुढचे प्रकरण आजीला सांगत होती. अडखळत, मध्येच कन्नड शब्द घालून, पण सांगत होती. आजी तो शब्द मराठीत देत होत्या आणि गोष्ट पुढे चालली होती. आम्ही तसेच ओसरीवर बसून राहिलो. ते प्रकरण आम्हीही वाचलेले नव्हते.